सीजे थ्री बी जीपचा मागचा शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तिसऱ्यांदा तुटला, आता मागचा एक्सलच मजबूत टाकायचाय, कोणता घ्यावा?

डोंगरजीप
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

गाडी सीजे थ्री बी, वडिलांनी घेतलेली, घरात माझ्यापेक्षा जुनी. इंजिन डीआय डिझेल बसवलंय, आरसीवर नोंद आहे. चार गियरचा बॉक्स, मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), टायर ३३ इंची. रोजच्या वापराला नाही काढत, पावसाळ्यात मित्राच्या शेतावर मुळशीच्या पुढे नेतो आणि वर्षातून दोन-तीनदा ओळखीच्या खाजगी जागेत ट्रॅक असतो तिथे.

गेल्या रविवारी त्याच शेतात ओढ्यातून वर चढत होतो. चढ फार नव्हता, पण वर काळी माती आणि तिच्याखाली कातळ. डावं चाक चिखलात फिरत होतं, मी अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवला, चाकाला कातळ लागला आणि टण्ण असा आवाज आला. उतरून बघतो तर डावं चाक ड्रमसकट वीतभर बाहेर आलेलं आणि ऑइल गळतंय. मुलगा शेजारच्या सीटवर होता. तिथून पाच मिनिटं आधी आम्ही उतारावर होतो, तेव्हा हे झालं असतं तर, हा विचार आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

याआधी दोनदा तुटलाय. दोन्ही वेळेला बाजारातून शाफ्ट आणून बसवला आणि विषय संपवला. आता तसं नाही करायचं, एकदाच काय तो मजबूत एक्सल टाकायचा. कोणी म्हणतं जीप रँग्लर रुबिकॉनचा डाना ४४ एक्सल शोध, कोणी म्हणतं फुल फ्लोटिंगच घे, एक मिस्त्री म्हणाला हाय टनेजचा शाफ्ट बनवून देतो, काही होणार नाही. बजेट दीड लाखाच्या आसपास. अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

कातळकडा
भाऊ, आधी मुलगा ठीक आहे ना ते सांग. बाकी लोखंड आहे, होईल.

माझं मत सरळ आहे. ३३ टायर आणि लॉकर म्हटलं की जुन्या एक्सलचा नाद सोड. जेके (रँग्लरची एक पिढी) रुबिकॉनचा मागचा ४४ मिळाला तर उचल. त्यात ३२ स्प्लाइनचे (टोकाला ३२ दात पाडलेले) शाफ्ट येतात, डिस्क ब्रेक येतात, इलेक्ट्रिक लॉकर आतच. वेल्डिंग करून पाट्याच्या बैठका बसवल्या की झालं.

डोंगरजीप
मुलगा एकदम ठीक, धन्यवाद दादा. त्याला वाटलं चाक बदलायचं एवढंच आहे.

लेथमास्तर
मी भोसरीत एका हीट ट्रीटमेंटच्या गाळ्यात बावीस वर्षं काम करतोय, त्यामुळे एक्सल कोणता घ्यावा ते नंतर, आधी माझ्या कामाचं विचारतो. तिन्ही शाफ्ट कुठून तुटले? बाहेर चाकाकडून, का आत गोळ्यात (डिफरन्शियलमध्ये) स्प्लाइनजवळून? आणि तुकडे ठेवलेत का टाकले? ठेवले असतील तर रॉकेलने धुवा, कापडाने टिपा, वायर ब्रश अजिबात मारू नका, आणि उन्हात नेऊन तुटलेल्या तोंडाचा जवळून फोटो काढा. तोंड बघितल्याशिवाय नवीन शाफ्ट घेणं म्हणजे तपासल्याशिवाय औषध घेण्यासारखं आहे.

डोंगरजीप
मास्तर, पहिला टाकला. दुसरा आणि तिसरा गॅरेजच्या माळ्यावर आहेत. पहिल्याचं आठवतंय, टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) चावीची खाच असते ना, तिथून गेलेला. फोटो टाकलेत, पण शब्दातही सांगतो.

दुसरा (उजवा) आत स्प्लाइन सुरू होतो तिथून तुटलाय. तोंड सगळं एकाच रंगाचं राखाडी, खरखरीत, आणि स्प्लाइन सरळ नाहीत, दोरीला पीळ दिल्यासारख्या वळल्यात. अख्खी स्प्लाइन साधारण एका दातानं फिरलीय.

तिसरा, म्हणजे रविवारचा, बाहेरच्या बाजूला बेअरिंगच्या बैठकीला लागून तुटलाय. ह्याचं तोंड पूर्ण वेगळं. तीन चतुर्थांश भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर हरिहरेश्वरला ओहोटीनंतर वाळूवर लाटांच्या रेषा उमटतात तशा बारीक रेषा, एका कडेपासून सुरू होऊन आत गेलेल्या. उरलेला एक चतुर्थांश चमकदार, दाणेदार. काळ्या भागात थोडा गंज पण आहे.

लेथमास्तर
छान लिहिलंत, फोटोपेक्षा वर्णन जास्त स्पष्ट आहे.

हे दोन वेगळे आजार आहेत साहेब. दुसरा शाफ्ट पिळून तुटला. टॉर्क जास्त झाला, शाफ्टनं सहन केला तेवढा केला, स्प्लाइन वळल्या, मग तुटला. ही ताकदीची कमी. तिथे जाड शाफ्ट, चांगलं मटेरियल, जास्त स्प्लाइन ह्याचा उपयोग होतो.

तिसरा मात्र रविवारी तुटलाच नाही. तो कित्येक महिने तुटत होता. त्या वाळूच्या रेषा म्हणजे चीर एकेक पाऊल पुढे सरकल्याच्या खुणा. काळा आणि गंजलेला भाग म्हणजे तिथे आधीच चीर होती, पाणी आणि ऑइल जात होतं. चमकणारा भाग फक्त रविवारचा. म्हणजे तुम्ही पाऊण तुटलेल्या शाफ्टवर गाडी चालवत होतात. ह्याला आम्ही फटीग म्हणतो, आणि बेअरिंगजवळ होतो तेव्हा बहुतेक वेळा पिळाने नाही तर वाकण्यामुळे होतो. चाक एकदा फिरलं की शाफ्टचा तोच बिंदू एकदा वर एकदा खाली येतो, एकदा ताणला जातो एकदा दाबला जातो. तुमच्यासारख्या सेमी फ्लोटिंगमध्ये गाडीचं वजन शाफ्टच्या टोकावर असतं म्हणून हे थोडं नेहमीच चालू असतं, त्या हिशोबानेच शाफ्ट बनवलेला असतो. पण ते जास्त झालं, बेअरिंग ढिलं असलं, हाऊसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) वाकलं असलं किंवा रिमचा ऑफसेट फार बाहेर असला, तर कितीही भारी शाफ्ट टाका, काही महिन्यांनी परत तेच.

म्हणून विचारतो, हाऊसिंग कधी तपासलंय का? आणि ३३ टायर बसवताना रिम बाहेर काढणारे घेतलेत का, का स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावलाय?

डोंगरजीप
दोन्ही बाजूला दीड इंची स्पेसर आहे. हाऊसिंग कधीच तपासलं नाही.

मुळशीकर
मास्तरांना दंडवत. अशी माहिती मिळते म्हणून इथे येतो.

मी फुल फ्लोटिंगच्या बाजूने लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सेमी फ्लोटिंगमध्ये चाक थेट शाफ्टला असतं, शाफ्ट चाक फिरवतो पण आणि गाडी उचलून पण धरतो. शाफ्ट बाहेरून तुटला की चाक गेलं. फुल फ्लोटिंगमध्ये हाऊसिंगच्या टोकाला जाड स्पिंडल असतो, त्यावर दोन टेपर रोलर बेअरिंगांवर हब बसतो, वजन सगळं त्याच्यावर. शाफ्ट फक्त पीळ देतो. तुटला तर आठ-दहा बोल्ट काढायचे, तुकडे बाहेर ओढायचे, तोंडावर झाकण लावायचं आणि पुढच्या चाकांवर घरी यायचं. ट्रक-टेम्पोला हेच असतं, रस्त्याच्या कडेला चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढलेला आपण सगळ्यांनी बघितलाय.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. दुसऱ्या महायुद्धातली मूळ विलीज एमबी, तिला मागे फुल फ्लोटिंगच होता, स्पायसर २३-२. नंतर नागरी जीप आल्या, त्यात सेमी फ्लोटिंग आला, थ्री बीला ४४. म्हणजे आपल्या जीपच्या आजोबाकडे जे होतं तेच आपण आता पैसे देऊन परत मागतोय. मुलाला घेऊन जाणार असाल तर माझ्या मते ह्याच्याशिवाय दुसरा विचार करू नका.

लेथमास्तर
मुळशीकर, सगळं बरोबर, एकच भर घालतो नाहीतर वाचणाऱ्यांचा गैरसमज होईल. फ्लोटिंग म्हणजे सुरक्षित, मजबूत असेलच असं नाही. एमबीचा २३-२ फ्लोटिंग होता, पण त्याचा गोळा आणि शाफ्ट नंतरच्या ४४ पेक्षा लहान. आजचा डीआय आणि ३३ टायर लावले तर चाक निघणार नाही, पण आतलं तुटेल. चाक जाग्यावर राहणं हा एक प्रश्न आणि काहीच न तुटणं हा दुसरा.

कोथरूडची_जिप्सी
कातळकडा दादा, रुबिकॉनच्या एक्सलबद्दल. मी स्वतः जिप्सीसाठी ह्या वाटेने अर्धी गेले आणि परत आले, म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे रुंदी. थ्री बीचं मागचं ट्रॅक साधारण साडेअठ्ठेचाळीस इंच. जेकेचं बासष्टच्या आसपास. म्हणजे मागची चाकं पुढच्यापेक्षा एकूण फूटभर जास्त पसरणार, दोन्हीकडे अर्धा अर्धा फूट. मग पुढचा पण बदला, नाहीतर हाऊसिंगच्या नळ्या कापा आणि शाफ्ट छोटे करून परत स्प्लाइन पाडा. जो ३२ स्प्लाइनचा कंपनीचा शाफ्ट म्हणून घेतला तोच कापला, मग राहिलं काय?

दुसरं पीसीडी, म्हणजे चाकाच्या बोल्टांची मांडणी. जेकेची ५ बाय १२७, जुन्या जीपची आणि माझ्या जिप्सीची ५ बाय १३९.७. एक स्टेपनी चारही चाकांना चालणार नाही. डोंगरात हे मला अजिबात परवडत नाही.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, जे मला एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीखाली झोपवून दाखवलं. थ्री बीचा मागचा गोळा मधोमध नाहीये! एका बाजूला सरकलेला आहे, कारण ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) मागे निघणारा जॉइंट शाफ्ट पण बाजूने निघतो. व्हीलबेस फक्त ८० इंच, त्यामुळे मागचा जॉइंट शाफ्ट आधीच आखूड. मधोमध गोळा असलेला एक्सल टाकलात तर तो आखूड शाफ्ट उभ्या कोनाबरोबर आडव्या कोनातही चालणार. त्याच्या जॉइंटचे क्रॉस किती दिवस टिकतील सांगा.

कातळकडा
गोळ्याचं खरंच लक्षात नव्हतं आलं ताई. माझी गाडी वेगळी आहे आणि व्हीलबेस पण मोठा, त्यामुळे मला तो प्रश्न आलाच नाही. सल्ला मागे घेतो, निदान थ्री बीपुरता तरी.

डोंगरजीप
आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन बघितलं. खरंय. इतकी वर्षं गाडी आहे आणि कधी नीट बघितलं नव्हतं.

गणिती_घाट
मला आकड्यांनी विचार करायला बरं पडतं, म्हणून थोडा हिशोब मांडतो, चुकलं तर मास्तर सांगतीलच.

समजा इंजिनचा टॉर्क १८० न्यूटन मीटर. पहिला गियर साडेतीन, लो रेंज २.४६, मागच्या गोळ्याचा रेशो ५.३८. गुणाकार केला तर ४६ पट, म्हणजे सव्वाआठ हजार न्यूटन मीटर. आकडा बघून घाबरायला होतं, पण एवढा टॉर्क शाफ्टपर्यंत कधी पोचतच नाही कारण त्याआधी टायर सरकतो. चढावर मागच्या चाकांवर हजार किलो आलं, पकड ०.८ धरली, ३३ टायरची जमिनीपासूनची त्रिज्या ०.४ मीटर धरली, तर मागच्या दोन्ही चाकांना मिळून साधारण ३१०० न्यूटन मीटरला टायर सरकणार. लॉकर नसेल तर हे दोन शाफ्टमध्ये सारखं वाटलं जातं, प्रत्येकी साडेपंधराशे. लॉकर लावून एक चाक हवेत गेलं की सगळे ३१०० एकाच शाफ्टवर. लॉकरने शाफ्टचं काम दुप्पट होतं ते असं.

तरीही इथपर्यंत चांगला शाफ्ट टिकतो. तुटतो तो झटक्याने. चाक चिखलात जोरात फिरतंय, चाक-ड्रम-शाफ्ट-गियर सगळ्यात वेग साठलाय, आणि अचानक कातळ लागतो. तो वेग एका क्षणात थांबवायचं काम शाफ्टवर येतं आणि तिथे वरचं गणित लागू होत नाही. ३३ टायर उंच आहे, त्यात जड पण आहे, त्यामुळे साठलेला वेग जास्त. धागाकर्त्याचं वर्णन वाचलं तर अगदी हेच झालंय, पाऊण चिरलेला शाफ्ट आणि वरून हा झटका.

जाडीबद्दल एकच सांगतो. पिळाची ताकद व्यासाच्या घनात वाढते. २८ मिलिमीटरचा ३३ केला, म्हणजे फक्त पाच मिलिमीटर, तर ताकद १.६ पट. म्हणून स्प्लाइन मोजतात. जुन्या ४४ मध्ये १९ स्प्लाइनचे शाफ्ट पण आहेत, नंतरच्यात ३०. नाव दोन्हीचं ४४, पण शाफ्ट एक नाही. तुमच्यात किती आहेत मोजा.

डोंगरजीप
मोजले. १९.

लेथमास्तर
हिशोब पटला. माझ्याकडून मटेरियलचं.

'हाय टनेजचा शाफ्ट बनवून देतो' असं कोणी म्हणालं की चार प्रश्न विचारा. स्टील कोणतं? ईएन २४ म्हणाले तर चांगलं, ईएन १९ पण चालतं. नुसतं 'हाय टनेज' म्हणाले तर निघा तिथून. हार्डनेस किती ठेवणार? जास्त म्हणजे चांगलं असं नसतं, फार कडक केलेला शाफ्ट वळून दाखवत नाही, काचेसारखा जातो. तुमच्या दुसऱ्या शाफ्टने आधी स्प्लाइन वळवून इशारा दिला होता, तेवढी लवचिकता हवी. फ्लँजपाशी आणि बेअरिंगच्या बैठकीपाशी जिथे व्यास बदलतो तिथे गोलाई किती देणार? टर्नरने घाईत काटकोनी खांदा ठेवला की चीर तिथूनच जन्म घेते. आणि शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या तळापेक्षा किंचित बारीक ठेवणार का? ऐकायला उलटं वाटतं, पण मग पीळ सगळ्या लांबीवर पसरतो, स्प्लाइनच्या मुळाशी साचत नाही.

पहिला शाफ्ट चावीच्या खाचेतून गेला त्याबद्दल. टेपर शाफ्टवर चावी फक्त जागा धरायला असते, पकड टेपरची असते. नट नीट आवळला नसेल तर सगळा भार चावीवर आणि खाचेवर येतो. तो नट निदान दोनशे न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळायचा, टेपर कोरडा आणि स्वच्छ, ग्रीस न लावता, आणि थोडं चालवून परत बघायचा. नुसता पान्यावर पाय देऊन आवळलेला असेल तर तिथेच चूक झाली. शक्य असेल तर टू पीस सोडा, फ्लँज एकत्र घडवलेला वन पीस शाफ्ट करा, म्हणजे टेपर, चावी, नट हा प्रकारच राहत नाही.

आरटीओची_वाट
सगळे मेकॅनिकल लिहितायत, मी कागदाचं लिहिते. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीचा अर्थ असा की उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच हाऊसिंगमध्ये चांगल्या मटेरियलचे शाफ्ट घालणं आणि फूटभर रुंद वेगळ्या गाडीचा एक्सल बसवणं, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अपघात झाला तर विमावाले पहिल्यांदा हेच बघणार. ३३ टायर आणि स्पेसर पण त्यातच येतात, नाराज होऊ नका पण सांगणं भाग आहे.

डोंगरजीप
नाराज कशाला. हे कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

मुळशीकर
हाऊसिंग तपासायचं सोपं काम आधी घरी करा. मागचे टायर एकसारख्या हवेला, गाडी सपाट जागेवर. दोन्ही मागच्या टायरवर मधल्या उंचीला खडूची खूण करा. पुढच्या बाजूने दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा, मग गाडी ढकलून तीच खूण मागे आणा आणि परत मोजा. एकच खूण वापरायची म्हणजे टायर वाकडा असला तरी फरक पडत नाही. दोन्ही मापं जवळजवळ सारखी यायला हवीत. वर-खाली पण तसंच, ओळंबा लावून.

डोंगरजीप
आज डावीकडे तात्पुरता जुना शाफ्ट जोडून, गाडी न चालवता नुसती ढकलून मोजलं. पुढे-मागे सहा मिलिमीटरचा फरक. ओळंब्याने बघितलं तर डावं चाक वरून आत झुकलंय, डोळ्याला पण दिसतं एकदा कळल्यावर. गेली दोन वर्षं डाव्या टायरची आतली कड जास्त झिजते आणि डावा ऑइल सील दर पावसाळ्यात गळतो. प्रत्येक वेळी मी सील बदलत होतो.

लेथमास्तर
सापडलं मग. हाऊसिंगची डावी नळी वाकलीय. सील गळणं, टायरची आतली कड आणि बेअरिंगजवळचा फटीग, तिन्हीचं कारण एकच. त्यात दीड इंची स्पेसरने चाक अजून बाहेर ढकललं, म्हणजे वाकवणारा हात लांब केला. ह्या हाऊसिंगमध्ये मी हजार रुपयाचा पण शाफ्ट घालणार नाही.

कातळकडा
सरळ करून वरून ट्रस (आधाराची पट्टी) वेल्ड केला तर?

लेथमास्तर
होतं, पण करणारा माहीतगार हवा. नळी स्टीलची, मधला गोळा कास्टिंग. कास्टिंगला तापवून, निकेल रॉडने, हळूहळू करावं लागतं. आणि एका दमात लांब वेल्ड मारला की थंड होताना हाऊसिंग स्वतःच वाकतं, म्हणजे मजबूत करायला गेलो आणि केळं करून आणलं. आत बेअरिंगच्या बैठकांमध्ये डमी बार (सरळपणा बघायचा दांडा) घालून, दोन-दोन इंचाचे टाके, एकदा ह्या बाजूला एकदा त्या बाजूला, असं करावं लागतं. सरळ हाऊसिंग मिळत असेल तर मी ते घेईन.

डोंगरजीप
सगळ्यांचं वाचून, दोन दिवस विचार करून ठरवलंय. ४४ च ठेवतोय, कारण गोळा सरकलेला असण्याची अडचण, रुंदी, पीसीडी सगळं आपोआप सुटतं. नानापेठेत आणि मंगळवार पेठेत चौकशी चालू आहे, सरळ हाऊसिंग मिळालं की डमी बार घालून तपासूनच पैसे द्यायचे. आतला कॅरियर ३० स्प्लाइनचा, शाफ्ट वन पीस ईएन २४. लॉकर १९ स्प्लाइनचा आहे, तो बदलावा लागेल. ५.३८ तसाच ठेवतोय. आणि स्पेसर काढून टाकतोय, टायर ३१ वर आणतोय.

मुळशीकर
टायर कमी केलेत हे फार आवडलं. पण फुल फ्लोटिंगवर मी अजून ठाम आहे. अमेरिकेत जुन्या ४४ साठी स्पिंडल आणि हब बसवायची किट निघाली होती, इथे चांगल्या गाळ्यात स्पिंडल बनवता येईल. मुलगा सोबत असणार ना.

कोथरूडची_जिप्सी
मुळशीकर काका, तुमची काळजी पटते. पण एकट्यासाठी घडवलेला स्पिंडल, त्याचं वेल्डिंग, त्याची तपासणी कोण करणार? कंपनीच्या जुन्या सेमी फ्लोटिंगपेक्षा घरी जुळवलेल्या फुल फ्लोटिंगची मला जास्त भीती वाटते. नवीन बेअरिंग, बरोबर लावलेले शिम (पातळ चकत्या) आणि दर पावसाळ्याआधी चाक उचलून, वर-खाली हलवून खेळ बघणं, ह्याने चाक जायची वेळ येणार नाही.

मुळशीकर
तपासणीचा मुद्दा खरा आहे. तरी माझ्या गाडीला मी करणार, इथे लिहीन तेव्हा.

गणिती_घाट
५.३८ ठेवताय त्याबद्दल एक. मोठा रेशो म्हणजे टेलपिनियन (गोळ्यातला छोटा गियर) लहान. ५.३८ म्हणजे ४३ ला ८ दात. आठ दातांवर सगळा भार. ३१ टायरला आणि तुमच्या वेगाला रेशो योग्यच आहे, पण बॅकलॅश (दातांमधला खेळ) आणि ब्लू (निळा रंग) लावून दातांचा पॅटर्न दोन्ही बघितल्याशिवाय गोळा बंद करू देऊ नका. शाफ्ट मजबूत झाला की पुढची कमजोर कडी तीच.

डोंगरजीप
नऊ आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

तिसरं हाऊसिंग सरळ निघालं. पहिली दोन दिसायला ह्याच्यापेक्षा चांगली होती, रंग मारलेली, पण डमी बार गेलाच नाही. शाफ्ट मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे करून घेतले, खांद्याची गोलाई मी स्वतः रेडियस गेज लावून बघितली, टर्नर आधी हसला मग त्यानेच दुसऱ्या बाजूची परत केली. गोळा ज्यांनी बांधला त्यांनी बॅकलॅश आठ हजारांश इंच ठेवला, पॅटर्न तीनदा काढला, दोनदा शिम बदलले. तिसऱ्यांदा दाताच्या मधोमध ठसा आला तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवला. ऑइल जीएल ५. ब्रीदरला (एक्सलमधली हवा सुटायची तोटी) नळी जोडून वर टपापर्यंत नेली, कारण जुना उघडला तेव्हा आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, ओढ्यात गरम एक्सल थंड पाण्यात जायचा आणि बंद ब्रीदरमुळे सीलमधून पाणी ओढायचा.

खर्च दीड लाखात बसला, थोडा वर गेला तो लॉकरमुळे.

काल त्याच ओढ्यावर गेलो. ह्या वेळी चाक फिरायला लागलं की पाय काढला, थांबलो, दोन हात मागे घेऊन वाट बदलली. दुसऱ्या प्रयत्नात वर. मुलाला मी आधी मित्राबरोबर वर उभा केला होता, तो चिडला होता. नंतर सोबत घेऊन परत एकदा चढलो.

घरी येऊन टेपने मोजलं, पुढे-मागे एक मिलिमीटरचा फरक. डाव्या ड्रमच्या मागे हात फिरवला, कोरडा. उजव्या बाजूला मात्र सीलपाशी बोटाला किंचित ओल लागली. मास्तर, नवीन सील बसेपर्यंत एवढं चालतं का, का परत उघडू?

लेथमास्तर
पुसून घ्या, पन्नास किलोमीटर चालवा, परत बोट लावा. ओल वाढली तर उघडा, सीलची कड शाफ्टवर कुठे बसते तिथे नखाने चाचपून बघा, बसवताना चरा पडला असेल तर नखाला लागेल. आणि तो जुना काळ्या तोंडाचा तुकडा टाकू नका, आमच्या गाळ्यात नवीन मुलं आलीत, त्यांना दाखवायला हवाय. येत्या शनिवारी भोसरीला आलात तर घेऊन या.

डोंगरजीप
आणतो मास्तर. मुलाला पण घेऊन येतो, त्याला भट्टी बघायचीय.